तालमीतला मारुती, जिममधला आरसा

आम्ही मुंबईतल्या गोरेगावहून बोलतोय. आम्ही म्हणजे इथल्या एका वस्तीतल्या बचत गटाच्या बाया. कुणी सातारकडच्या, कुणी कोकणातल्या, कुणी विदर्भातून आलेल्या. दर महिन्याला हप्ते गोळा झाले की आम्ही एखादा विषय काढून बोलत बसतो. या वेळचा विषय आम्ही शोधला नाही, तोच आमच्या दारात आला.

आमच्यातल्या एकीचा मुलगा वीस वर्षांचा आहे. दिवसभर मोटारसायकलवरून पार्सलं पोचवतो आणि रात्री जिमला जातो. एक दिवस त्याची बॅग धुवायला काढली, तर आत काचेच्या चार लहान बाटल्या आणि सुया निघाल्या. आईचा जीव खाली-वर झाला. तिला वाटलं, पोरगं नशेला लागलं. तो म्हणाला, "आई, नशा नाही गं. अंग भरण्यासाठी आहे. असा काडीसारखा राहिलो तर मला मुलगी कोण देईल?"

त्याचं हे वाक्य तिनं गटात सांगितलं आणि सगळ्या गप्प झालो. अंगानं चांगला, कामाला वाघ असलेला मुलगा स्वतःला कमी का समजतो? ही भीती त्याच्या मनात कुणी घातली? शोधत गेलो तेव्हा कळलं की ही भीती आजची नाही. तिला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे.

सुरुवात गावच्या तालमीपासून करू, कारण ती तुमच्या ओळखीची आहे. तालीम म्हटलं की एक मारुती आणि समोर तांबड्या मातीचा हौदा. मातीत हळद, ताक, तेल, लिंबाचा रस घालून ती मऊ ठेवायची. पोरांनी जोर मारायचे, बैठका काढायच्या, मुद्गल फिरवायचे आणि वस्तादाच्या नजरेखाली डाव शिकायचे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा उभी केली, असं सांगतात. शंभर वर्षांनी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं.

तालमीत सगळं गोडच होतं असं आम्ही म्हणणार नाही. बाईला तिथं पाऊल टाकायची सोय नव्हती आणि जातीच्या भिंतीही होत्या. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिथं ताकद कशासाठी कमवायची हे ठरलेलं होतं. कुस्ती मारायला, ओझं उचलायला, वेळ आली तर लढायला. दंड किती फुगला हे कुणी मोजत नव्हतं, समोरच्याला चीत केलं का ते बघत होते. जुन्या तालमीत मारुती असे, आरसा नसे.

मग इंग्रज आले. त्यांनी राज्य घेतलंच, आणि राज्य का घेतलं याचं एक कारणही सांगायला लागले. इथले पुरुष पुरुषच नाहीत, म्हणून आम्हाला राज्य करावं लागतं, असं ते कारण. मेकॉले नावाच्या बड्या इंग्रजानं १८४१ मध्ये एका निबंधात बंगाली पुरुषांना नाजूक, दुबळे, बायकी ठरवलं. १८५७ च्या उठावानंतर तर सरकारनं माणसांची प्रतवारीच लावली. अमक्या जाती लढाऊ, तमक्या बिनलढाऊ.

या प्रतवारीचा फटका आपल्या महाराष्ट्रात कुणाला बसला? ज्या महार शिपायांनी पिढ्यान् पिढ्या कंपनीच्या फौजेत नोकरी केली, १८१८ साली कोरेगावच्या लढाईत रक्त सांडलं, त्यांची भरती १८९२-९३ च्या सुमाराला बंद झाली. महाडजवळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज तयार केला की आम्हीही लढवय्ये आहोत, आमचा हक्क परत द्या. माणूस तोच, मनगट तेच, पण सरकारच्या कागदावर तो एका रात्रीत बिनलढाऊ झाला.

हा टोमणा शिकल्यासवरल्या घरांतही जिव्हारी लागला. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीनं किरकोळ होते. पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायामात घातलं, हे त्यांच्या चरित्रात सगळीकडे येतं. पुण्यात चापेकर बंधूंनी मुलांना जमवून व्यायामाचा आणि शस्त्रांचा सराव चालवला होता. तिकडे राजकोटला मोहनदास गांधी नावाचा शाळकरी मुलगा एका मित्राच्या सांगण्यावरून चोरून मांस खात होता. का, तर इंग्रज मांस खातो म्हणून दांडगा आहे, आपणही खाल्लं तर धीट होऊ आणि त्याला हाकलू. ही हकीगत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत लिहून ठेवली आहे. पुढे ज्यानं इंग्रजाला पंचा नेसून आणि उपास करून हलवलं, त्यालाही लहानपणी वाटलं होतं की आपण कमी आहोत.

त्याच काळात बुलढाण्याच्या एका बाईनं हे सगळं दुसऱ्या बाजूनं पाहिलं. ताराबाई शिंदे त्यांचं नाव. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिलं. जे दुर्गुण बाईच्या माथी मारता ते तुमच्यात किती आहेत, असा त्यांनी पुरुषांना उलटा हिशेब मागितला. पुरुषपण म्हणजे काय हा प्रश्न बाईनं विचारायचा असतो, हे आपल्याला ताराबाईंनी शिकवलं.

आता आरसा कुठून आला ते बघू. युजेन सँडो नावाचा एक पैलवान होता, १८६७ मध्ये जर्मन मुलखात जन्मलेला आणि इंग्लंडात गाजलेला. आधी तो रंगमंचावर वजनं उचलून दाखवायचा. मग त्याच्या ध्यानात आलं की लोक वजनापेक्षा त्याच्या अंगाकडे जास्त बघतात. मग तो अंगच दाखवायला लागला. १९०१ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं पुरुषांच्या शरीराची मोठी स्पर्धा भरवली. तिथं कुस्ती नव्हती, शर्यत नव्हती. उभं राहायचं आणि अंग दाखवायचं. आजच्या शरीरसौष्ठव स्पर्धेचा उगम तिथं मानतात. परीक्षकांत शेरलॉक होम्सच्या गोष्टी लिहिणारा कॉनन डॉयलही होता.

सँडोनं अंगाचा धंदा केला. फोटो विकले, पुस्तकं विकली, डंबेल आणि स्प्रिंगची साधनं विकली, टपालानं व्यायामाचे धडे पाठवले. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही फिरून गेला. गिऱ्हाईक तयारच होतं. ज्याला पन्नास वर्षं दुबळा म्हटलंय, त्याला साहेबानंच बळाची गुरुकिल्ली विकायला आणली, तर तो घेणारच.

असं एक गिऱ्हाईक आपल्या सातारा भागात होतं, आणि तेही राजघराण्यातलं. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी सँडोची पुस्तकं आणि सगळी साधनं मागवली आणि दहा वर्षं नेमानं तो व्यायाम केला. मग तो सोडून ते आपल्या सूर्यनमस्काराकडे वळले. घरातल्या बायका-मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावले, संस्थानच्या शाळांत तो सुरू केला, त्यावर पुस्तकं लिहिली. विचार करा, राजाला पैशाची ददात नव्हती. तरी त्यांनी असा व्यायाम निवडला की ज्याला एक सतरंजी पुरते, जो बाई करू शकते, मूल करू शकतं, म्हातारा करू शकतो. विकत घ्यायला काही नाही, कुणाला दाखवायला काही नाही.

पुढची पन्नास वर्षं या दोन वाटा शेजारी शेजारी चालल्या. अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं, दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर. बडोद्याहून आबासाहेब मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले.

आणि १९५२ साल तर दोन्ही वाटा एकदम दाखवतं. त्या वर्षी कलकत्त्याचे मनोहर आइच लंडनला जाऊन आपल्या गटात 'मिस्टर युनिव्हर्स' झाले. उंची ४ फूट ११ इंच. इंग्रज अधिकाऱ्याच्या मुस्काटात मारली म्हणून तुरुंगात गेले होते, तिथंच त्यांनी अंग कमावलं. नंतर पोटासाठी स्टेशनवर शहाळीही विकली. त्याच वर्षी आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी काढली होती. एकाचं अंग जगानं पाहिलं, दुसऱ्याची कुस्ती जगानं पाहिली. दोघेही गरिबीतून वर आले आणि दोघांनाही आमचा रामराम. पण पुढे बाजार कुणाच्या मागे लागला? दाखवायच्या अंगाच्या.

तो बाजार आमच्या गोरेगावात कसा आला, ते आता सांगतो. पूर्वेला, महामार्गाला लागून, नेस्कोचं मैदान आहे. नेस्को हे नाव न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनीचं. इथं यंत्रं बनायची. कामगार लोखंड उचलायचा आणि त्याचा पगार घरी आणायचा. अंग पिळदार व्हायचं ते कामानं. तिकडे गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. बहुतेकांची नोकरी परत आलीच नाही. पुढे उपनगरांतले कारखानेही एकेक करून थंडावले. नेस्कोच्या आवारात १९९० नंतर प्रदर्शनाची दालनं उभी राहिली. आज त्या दालनांत इतर प्रदर्शनांबरोबर व्यायामाच्या सामानाची आणि पावडरींची मोठी प्रदर्शनं भरतात. पोरं तिकीट काढून रांगेत उभी राहतात. जिथं लोखंड उचलल्याचा पगार मिळायचा, तिथंच लोखंड उचलायला पैसे द्यायचे.

ज्या बापानं 'मी कमावतो' एवढ्याच जोरावर घरात मान मिळवला, त्याची कमाई गेली की त्याच्याजवळ काय उरतं? आणि त्याच्या मुलाला ना कायमची नोकरी, ना खोली, ना जमीन. नोकरी आपल्या हातात नाही, घर हातात नाही. निदान दंड तरी आपला आहे, असं त्याला वाटतं. आमच्या वस्तीतल्या जिम रात्री अकरापर्यंत का भरलेल्या असतात, याचं उत्तर आम्हाला इथं सापडलं. तुमच्याकडेही हेच आहे. तुमची पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. छाती ७९ सेंटिमीटर, फुगवून आणखी ५. जागा थोड्या, उमेदवार लाखांत. टेपात एक सेंटिमीटर कमी भरलं की पोरगं तोंड लपवतं.

त्यात भर पडली सिनेमाची. गोरेगावची चित्रनगरी १९७७ मध्ये सुरू झाली. तेव्हाच्या नायकाचं पोट शर्टात झाकलेलं असायचं. १९९८ मध्ये सलमान खान एका गाण्यात उघड्या अंगानं नाचला. २००७ मध्ये शाहरुख खानच्या पोटावरच्या सहा वळ्या गाजल्या आणि 'सिक्स पॅक' हा शब्द खेड्यापाड्यात पोचला. पण अशा शरीरामागे काय असतं ते पडद्यावर दिसत नाही. स्वतंत्र स्वयंपाकी, शिकवणारा माणूस, महिनोन् महिने मोकळा वेळ. स्पर्धेच्या आधी किंवा उघड्या अंगाच्या दृश्याआधी कित्येक जण पाणी पिणं कमी करतात, म्हणजे कातडी आवळून स्नायू उठून दिसतात. जो सगळ्यात ताकदवान दिसतो, तो त्या क्षणी तहानेनं आतून गळालेला असतो.

आणि आता त्या काचेच्या बाटल्या. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं. दाढी, आवाज, स्नायू त्याच्यामुळे. १९३५ मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. १९५८ च्या सुमाराला अमेरिकेत त्याच जातीच्या गोळ्या वजन उचलणाऱ्यांच्या हातात पडल्या. यांनाच स्टेरॉइड म्हणतात. आजारात डॉक्टर मोजून देतात तेव्हा ते औषध आहे. जिममध्ये कुणीतरी टोचतो तेव्हा काय होतं, ते ऐका. बाहेरून आयतं मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अंडकोष आक्रसतात, वीर्यातले शुक्रजंतू घटतात, मूल होण्यात अडचण येते. काहींची छाती बाईसारखी वाढते. हृदय, यकृत, रक्तदाब बिघडतात. चिडचिड होते, आणि औषध थांबवलं की मन खचतं. मर्द दिसायला घेतलेली सुई पुरुषपणाच्याच मुळावर येते.

दुसरं एक इंजेक्शन आहे, मेफेन्टरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला डॉक्टर ते वापरतात. व्यायामाला जोर यावा म्हणून तरुण पोरं ते टोचून घेतात. गेल्या काही वर्षांत पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी ते चोरून विकणाऱ्यांना पकडलं आहे. त्यानं छाती धडधडते, झोप उडते, सवय लागते. घरात अशी बाटली दिसली तर आरडाओरडा करू नका. बाटली जपून ठेवा, मुलाला जवळ घ्या आणि दोघं मिळून सरकारी दवाखान्यात जा. आमच्या मैत्रिणीनं तेच केलं.

पावडरीचंही सांगतो. डब्यावर 'व्हे प्रोटीन' लिहिलेलं असतं. श्रीखंडासाठी आपण दही टांगतो तेव्हा खाली जे पिवळसर पाणी गळतं ना, त्याच जातीचं ते. चीज करताना उरलेलं पाणी आटवून, वाळवून केलेली भुकटी. विष नाही, जादूही नाही. पण डबा हजारोंत जातो आणि भेसळही होते. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, कसून व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम, तेवढ्याच फुटाण्यांत सुमारे २० आणि एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. देशाच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आपल्या सल्ल्यात प्रोटीन पावडर टाळा असंच सांगितलं आहे.

इथं आम्ही एकमेकींना एक प्रश्न विचारला. घरात दूध येतं ते कुणाच्या पेल्यात जातं? अंडी कुणाच्या ताटात? सगळ्या हसलो, पण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं, पुरुषांत १०० पैकी २५ जणांच्या. ज्याला आपण कमी पडतोय असं वाटतं त्याच्यासाठी डबा येतो. जिच्या अंगात खरंच कमी आहे, ती पोळीला तेल लावून उठते.

आता त्या मुलाच्या वाक्याकडे परत येऊ. "मला मुलगी कोण देईल?" २००० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन देशांतल्या तरुणांना शरीराची चित्रं दाखवली आणि विचारलं, बायकांना कसा पुरुष आवडत असेल? त्यांनी स्वतःपेक्षा १३-१४ किलो जास्त स्नायू असलेलं चित्र निवडलं. मग बायकांना विचारलं. त्यांना आवडला तो साधा, चारचौघांसारख्या अंगाचा पुरुष. म्हणजे आपल्या नावानं जो बाजार चाललाय, त्यात आपल्याला कुणी विचारलेलंच नाही.

पण मैत्रिणींनो, सगळं खापर बाजारावर फोडून आम्हाला मोकळं होता आलं नाही. त्या मुलाची आई म्हणाली, "तो लहानपणी रडला की मीच म्हणायचे, मुलीसारखा काय रडतोस?" मग एकेकीला आठवायला लागलं. "हातात बांगड्या भरल्यात का?" हे आम्हीही म्हणालोय. मोर्च्यात साहेबाला बांगड्यांचा आहेर करताना आम्हीही टाळ्या वाजवल्यात. इंग्रजानं जो टोमणा मारला, तोच आम्ही आमच्या पोरांना मारला, आणि तोही स्वतःच्या बांगड्यांचा अपमान करून.

बांगड्यांच्या हातात काय असतं ते गोरेगावला शिकवावं लागू नये. हे मृणाल गोरे यांचं गाव. महापालिकेत वस्त्यांच्या पाण्यासाठी भांडल्या म्हणून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायचे. १९७२ नंतर महागाईविरुद्ध त्यांनी आणि अहिल्याबाई रांगणेकरांनी बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवलं. सरकारला घाम फोडणारे ते हात बांगड्या भरलेलेच होते.

आम्ही गटात तीन गोष्टी ठरवल्या. घरातल्या मुलाला 'बायल्या' म्हणायचं नाही आणि कुणी म्हटलं तर टोकायचं. दूध, अंडी, फुटाणे घरात येतील ते मोजून सगळ्यांच्या ताटात, आपल्याही. आणि व्यायाम थांबवायचा नाही. पोरानं खुशाल जोर मारावेत, आपणही पहाटे दहा सूर्यनमस्कार घालू. पण सुई नाही.

तो मुलगा अजून जिमला जातो. दवाखान्यात तपासण्या झाल्या, सुया बंद आहेत. अंग थोडं उतरलंय, त्याचं त्याला वाईट वाटतं, आणि ते तो आता आईला सांगतो.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीनं आठवून सांगा, घरातल्या कुठल्या पुरुषाला आपण शेवटचा बांगड्यांचा टोमणा कधी मारला आणि त्या वेळी त्याचा चेहरा कसा झाला होता. मग काय निघतं ते आम्हाला कळवा. येतो आम्ही. रामराम.